वेशीच्या आतला वेग

मोटरसायकलला खेड्यातली जुनी माणसं अजूनही फटफटी म्हणतात. दुचाकी हा शब्द गाडी पाहून केलेला, मोटरसायकल हा दुकानातून आलेला. फटफटी हा मात्र ऐकणाऱ्याने केलेला शब्द आहे. गाडीवर बसलेल्याला तो सुचलाच नसता, कारण त्याचा आवाज त्याच्या मागे पडत जातो. ओट्यावर ज्वारी निवडत बसलेल्या बाईला तो वेशीपासून पार पलीकडच्या ओढ्यापर्यंत ऐकू येतो. एकाच गाडीला दोन नावं पडावीत, एक बसणाऱ्याचं आणि एक सोसणाऱ्याचं, इथूनच एक जुना प्रश्न नव्याने सुरू होतो. दोन मिनिटांत गाव ओलांडून जाणाऱ्या परक्या माणसाचं त्या गावाशी काही नातं लागतं का? लागत असेल तर त्याच्यावर कोणतं कर्तव्य येतं? आपल्या परंपरेने आईबाप, गुरू, शेजारी, याचक, अतिथी यांच्याशी कसं वागावं ते बारकाईने सांगितलं आहे. अतिथी निदान दारात उभा राहतो. जो दारात उभाच राहत नाही, ज्याचं नाव गावाला कळत नाही आणि ज्याला गावाच्या नावाची पाटी वाचायलाही सवड नसते, त्याचा धर्म कोणता? माझं म्हणणं असं की नातं लागतं, आणि ते दोन मिनिटांचं असल्यामुळेच जास्त बांधतं.

जालना जिल्ह्यात हा प्रश्न केवळ वादापुरता उरत नाही. मुंबई–नागपूर समृद्धी महामार्ग या जिल्ह्यातून जातो; त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. त्यावर दुचाकीला बंदी आहे. चारचाकीवाला टोल भरतो आणि कुंपणाच्या आतून, ना वेस ना पार, जिल्हा ओलांडून जातो. दुचाकीवाल्याला बहुतेक वाटा गावांच्या मधूनच. जाफराबादहून भोकरदनला जायचं असो, राजूरच्या गणपतीला चतुर्थीला जायचं असो की घनसावंगी तालुक्यातल्या जांब समर्थला, कुणाच्या तरी ओट्यासमोरून, हौदासमोरून, शाळेच्या फाटकासमोरून गेल्याशिवाय सुटका नाही. देशात २०२२ साली रस्त्यांवरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती, पायी चालणारे बत्तीस हजारांच्या वर होते, आणि एकूण मृत्यूंपैकी सुमारे दोन तृतीयांश ग्रामीण भागात झाले. ही मोजदाद फक्त मेलेल्यांची. दचकलेली म्हातारी, दावं तोडून पळालेली गाय, कडेवरचं रडायला लागलेलं लेकरू यांची नोंद कुठल्याच रजिस्टरात होत नाही, आणि शिष्टाचाराचा प्रश्न मुख्यतः त्या न नोंदलेल्यांचा आहे.

पहिला आक्षेप ठरलेला: रस्ता सरकारी आहे, कर आम्हीही भरतो, गावाची त्यावर मालकी कसली? याला उत्तर याच जिल्ह्याच्या उत्तर भागात, असईच्या लढाईत सापडतं. २३ सप्टेंबर १८०३ रोजी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीला शिंदे-भोसल्यांच्या फौजेवर चालून जाण्यासाठी केळणा नदी ओलांडायची होती. वाटाडे सांगत होते की जवळपास उतार नाही. त्याला नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली, पिंपळगाव आणि वरूड; आणि त्याने ताडलं की इतकी जवळ वसलेली गावं एकमेकांकडे येण्याजाण्याच्या वाटेवाचून राहिलेली असणार नाहीत. उतार निघाला. पुढचा इतिहास आपल्या बाजूने गेला नाही, पण त्या माणसाचा तर्क पक्का होता. वाट आधी दोन गावांच्या गरजेतून पडते: सोयरीक, दळण, बाजार, बाळंतपण. परका मागाहून येतो आणि तयार वाट वापरतो. भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. तिथल्या दानकर्त्यांची नावं सांचीच्या स्तूपावर कोरलेली आहेत आणि तिथल्या उत्खननात मिळालेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती पाँपेईत सापडलेल्या मूर्तीची बहीण शोभावी अशी आहे. म्हणजे परके या गावांमधून दोन हजार वर्षं ये-जा करत आहेत. बांधकाम खात्याने अलीकडे त्या वाटेवर डांबर ओतलं, एवढ्याने ती गावाच्या अंगणातून उठून दुसरीकडे गेली नाही. जाण्याचा हक्क सगळ्यांना आहेच. हक्क आहे म्हणून कसंही जावं, हे मात्र त्यातून निघत नाही. देवळाचा दरवाजाही सगळ्यांना उघडा असतो.

अंगण कुठे सुरू होतं हे गावाने फार पूर्वी ठरवून ठेवलं आहे. लग्नातलं सीमांतपूजन आता मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये, आदल्या संध्याकाळी, फोटोग्राफरच्या सोयीने उरकतात. पण नावातच सांगितलंय की तो विधी शिवेवरचा. वराकडची मंडळी गावाच्या सीमेपर्यंत येत, तिथे थांबत, गाव त्यांना सामोरं जाई आणि मग आत घेई. आजही नवरदेव आधी मारुतीच्या पाया पडतो आणि मगच मांडवाकडे निघतो. वेशीतल्या मारुतीला गावाचा राखणदार म्हणतात, पण त्याचं आणखी एक काम आहे, ते म्हणजे येणाऱ्याला क्षणभर थांबवणं. त्या क्षणात गावाला कळतं की कोण आलं, आणि येणाऱ्याला कळतं की आपण कुठे आलो. समर्थ रामदासांनी दासबोधात भिक्षेवर अख्खा समास लिहिला आहे, आणि त्यांच्या दृष्टीने भिक्षा म्हणजे पोट भरण्याइतकंच माणसं ओळखण्याचं साधन. दारोदार उभं राहिल्याखेरीज गाव कळत नाही, असा त्यामागचा हिशेब. १६०८ साली जांबला जन्मलेला हा माणूस हिंदुस्थानभर पायी हिंडला. परक्या गावात शिरण्याचा अनुभव त्याच्याइतका थोड्यांना असेल.

इथे एक गंभीर आक्षेप आहे, आणि तो टाळून पुढे गेलं तर सगळा युक्तिवाद लबाडीचा ठरेल. वेशीपाशी उतरण्याची रीत सगळ्यांना सारखी नव्हती. घोड्यावरून कुणी जायचं आणि कुणाच्या नवरदेवाने पायउतार व्हायचं, कुणी वहाणा हातात घेऊन वाड्यासमोरून जायचं, हे जात ठरवत होती. मराठवाड्याला हे इतिहासाच्या पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही. जुलै १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव झाल्यावर कितीतरी गावांत गावकुसाबाहेरची घरं पेटवली गेली, आणि नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. ज्याच्या आजोबाला पाटलाच्या वाड्यासमोर मान वर करता आली नाही, त्या तरुणाच्या हातात हप्त्याने घेतलेली का होईना, मोटरसायकल येते आणि तो रेस देऊन त्याच वाड्यासमोरून जातो, तेव्हा त्याला 'हळू जा, गावाचा मान राख' असं सांगणाऱ्याच्या हेतूवर त्याने संशय घ्यावा हे रास्तच आहे. म्हणून मला हा शिष्टाचार जुन्या रीतीवर उभा करायचा नाही. जुन्या रीतीत दुबळ्याने बलवानासमोर वाकायचं होतं. मी म्हणतो ती दिशा बरोबर उलटी आहे: ज्याच्याकडे वेग आहे, वजन आहे, निघून जायची सोय आहे, त्याने ज्याच्याकडे यातलं काही नाही त्याच्यासाठी थांबावं. गावकुसाबाहेरची वस्ती तर बहुतेक ठिकाणी रस्त्याला सर्वांत लागून असते. भरधाव गाडीची पहिली धूळ त्याच ओट्यांवर बसते. वाड्यासमोर वेग कमी करायचा आणि वस्तीसमोर वाढवायचा, असा शिष्टाचार कुणी पाळत असेल तर तो जुनाच रोग झाला.

वेगाचा असा विचार आपल्याकडे झालेला आहे, आणि तोही मोटारीच्या फार आधी. जैन साधूंना पाच समिती सांगितल्या आहेत; त्यांतली पहिली ईर्या समिती, म्हणजे चालण्यातली सावधगिरी. पुढची युगभर जमीन पाहत चालावं. युग म्हणजे जू, बैलाच्या मानेवरचं. जुवाच्या लांबीएवढी, साधारण चार हात जमीन नजरेत ठेवायची, म्हणजे पायाखाली जीव येणार नाही. याचं गणित करून पाहण्यासारखं आहे. माणूस सेकंदाला सव्वा-दीड मीटर चालतो. चार हात म्हणजे पावणेदोन मीटरच्या आसपास. पाय आवरायला जेवढा अवधी लागतो, तेवढंच अंतर त्या नियमाने नजरेत ठेवायला लावलं आहे. आता तोच नियम ताशी साठ किलोमीटरने जाणाऱ्याला लावा. ब्रेककडे हात जाईपर्यंतच, एका सेकंदात, गाडी सोळा-सतरा मीटर पुढे गेलेली असते. थांबायला आणखी तेवढंच किंवा जास्त. तीसच्या वेगाला गाडीचा जोर निम्मा होत नाही, चौथ्या हिश्श्यावर येतो. गावातला रस्ता वळतो, गोठ्याची भिंत आडवी येते, पन्नास मीटर मोकळं दिसतच नाही. म्हणजे दिसतं त्यापलीकडच्या जीवांना पायाखाली घेत जाणं आलं. जालना शहरात गुरू गणेश तपोधामाच्या दर्शनाला लोक लांबून येतात, गाडीवर बसूनही येतात. ईर्या समिती ही साधूंची गोष्ट, गृहस्थांना तिचं काय, असं म्हणून सुटता येईल. पण साधूने पायी चालताना जेवढं जपायचं, त्याच्या कैक पट जोर घेऊन जाणाऱ्या गृहस्थाने काहीच जपायचं नाही, हे कुठल्या हिशेबात बसतं?

बौद्धांच्या विनयपिटकात याहून बोलकी गोष्ट आहे. भिक्खू बारा महिने हिंडत. पावसाळ्यात त्यांच्या पायांखाली हिरवा अंकुर तुडवला जाई, बारीकसारीक जीव मरत, आणि लोक कुरकुर करू लागले की पाखरंसुद्धा पावसाळ्यात घरटी करून बसतात, यांनाच काय झालंय. ती कुरकुर बुद्धाच्या कानावर गेली आणि वर्षावास ठरला. चातुर्मास आपण आता उपासतापासाशी जोडतो. त्याच्या या रूपाच्या मुळाशी जाणाऱ्या-येणाऱ्यांविरुद्ध गावाची तक्रार आहे, आणि ती तक्रार धर्माने खरी मानली. भिक्खूंचा हेतू वाईट होता असं कुणी म्हटलं नाही. हेतू शुद्ध असूनही पायाखाली काय आलं ते पाहावं लागतं, एवढंच मान्य केलं.   हिंडणं हाच ज्यांचा धर्म होता त्या या दोन्ही परंपरांनी हिंडण्याला बांध घातला, हा योगायोग नसावा.

रस्त्यावरचं उदाहरण घेतलं की हे सगळं जमिनीवर येतं. दसऱ्याच्या सुमारास या भागात सोयाबीन निघतं. खळी गेली, अंगणं लहान झाली, ऊन तर पाहिजे. म्हणून अर्ध्या डांबरावर सोयाबीन पसरतात आणि कडेने हाताएवढे दगड मांडतात. एखादी बाई डोक्यावर पदर ओढून पायाने दाणे वरखाली करत फिरत असते. दगडांना घासून एक गाडी जोरात गेली की कडेचा पट्टा चारीत उडतो, आणि ती बाई काही न बोलता खाली बसून मातीतून दाणे वेचायला लागते. तिने शिवी दिली असती तर हिशेब तिथेच मिटला असता. इथे कुणी म्हणेल की रस्ता वाळवणासाठी नाही, दाण्यावरून चाक घसरून माणसं पडतात, चूक तिची आहे. खरं आहे, वाळवणासाठी ओटे बांधून देणं हे ग्रामपंचायतीचं काम आहे आणि ते व्हायला पाहिजे. पण तिच्या चुकीने माझ्या वेगाला परवाना मिळत नाही. उलट, दाण्यावर चाक घसरतं हे ज्याला ठाऊक आहे त्याने हळू जायला दुप्पट कारण आहे. दुसरं दृश्य कापसाच्या गाडीचं. कापूस भरलेली बैलगाडी समोरून येते, बैल नवे असतात, आणि सायलेन्सरची जाळी काढलेली एखादी बुलेट शेजारून फटाका फोडत जाते. बैल बुजतात, जू आडवं होतं, एक चाक चारीकडे उतरतं. गाडीवान कासरा ओढून दोन्ही पाय रोवतो तोवर बुलेट पुढच्या वळणाआड गेलेली असते. तिच्या स्वाराला आपण काही केलं हे कळलेलंसुद्धा नसतं.

हे न कळणं हाच मला प्रश्नाचा गाभा वाटतो. शेजाऱ्याशी भांडण झालं तर उद्या माफी मागता येते, परवा वाटी नेऊन देता येते. गावातल्या गावात केलेल्या चुकीला फेडायची जागा असते. जाणाऱ्याला ती नाही. त्याने केलेलं त्याच्या मागे घडतं आणि तो परत येत नाही. कर्मविचारात अदृष्ट म्हणून एक कल्पना आहे: कृती संपते, कर्ता निघून जातो, पण तिचं फळ कुठेतरी राहतं. जन्मोजन्मीचं सोडून द्या. दोन मिनिटांच्या गावासाठी ती कल्पना अक्षरशः खरी आहे. ज्या ऋणाची फेड नंतर करता येणार नाही, ते ऋण होऊच न देणं एवढा एकच मार्ग उरतो. म्हणून मी म्हटलं की ओझरतं नातं जास्त बांधतं. 'मला कुठे पुन्हा इथे यायचंय' हे वाक्य बेफिकिरीचं समर्थन म्हणून उच्चारतात. नीट पाहिलं तर ते सावधगिरीचं कारण आहे.

आता गावातल्याच पोरांचा मुद्दा. ती तर तिघं-तिघं बसून, याच रस्त्यावर, याहून जोरात जातात, मग पाहुण्यालाच उपदेश कशाला? त्यांनाही सांगायलाच हवं, आणि गावातली म्हातारी माणसं रोज सांगतात. तरीही फरक आहे. गावच्या पोराला माहीत असतं की कोणाची म्हैस कुठे बांधलेली आहे, कोणत्या घरातलं मूल एकदम रस्त्यावर धावतं, पारावर बसलेल्या कोणत्या आजोबांना ऐकू येत नाही. परक्याला यातलं काही माहीत नसतं, आणि अज्ञान हे वेग वाढवण्याचं कारण कधीच होऊ शकत नाही. शिवाय पोराला संध्याकाळी त्याच आजोबांसमोरून घरी जायचं असतं. गावाचा धाक म्हणतात तो हाच. परक्यावर असा धाक नाही, म्हणून त्याला तो स्वतःच निर्माण करावा लागतो. आवाजाबद्दलही असंच विचारतात: दिंडी येते तेव्हा टाळ-मृदंगाने गाव दणाणतं, ते चालतं का? मुक्ताबाईंची पालखी पंढरपूरला जाताना या जिल्ह्यातून जाते आणि रस्ता तासभर अडतो. पण दिंडीचा आवाज गावाला उद्देशून असतो आणि तिचा वेग चालणाऱ्याचा असतो. गावाला बाहेर यायला, पाणी द्यायला, पाया पडायला, किंवा दार लावून घ्यायलासुद्धा वेळ मिळतो. सायलेन्सर फाडलेली गाडी गावाला उत्तर द्यायला अवधीच देत नाही.

दूरच्या प्रदेशांत हा प्रश्न आला तेव्हा तिथल्या लोकांनी आपल्या रीतीने सोडवला. ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांतात डोंगरातल्या गावांवरून उन्हाळाभर मोटरसायकलींच्या झुंडी जात. २०२० साली तिथल्या रॉयटे जिल्ह्यातल्या काही रस्त्यांवर ९५ डेसिबलपेक्षा मोठ्या आवाजाच्या मोटरसायकलींना उन्हाळ्यात बंदी घातली. लडाखमध्ये रस्त्याकडेला मणी-भिंती असतात, कोरलेल्या दगडांच्या. त्या उजव्या हाताला ठेवून जायचं, आपल्या प्रदक्षिणेसारखंच. आपल्याकडून तिकडे गाडीवर जाणारी मंडळी हे नियम वाचून, लिहून, पाठ करून जातात आणि तिथे निमूट पाळतात. भूतानची राजधानी थिम्फूमध्ये एकही वाहतूक सिग्नल नाही, पोलिसाच्या हातावर चौक चालतो, आणि आपले लोक त्या हातासमोर शहाण्यासारखे थांबतात. थिम्फूत शिस्त आणि जालन्याच्या टेंभुर्णीत मस्ती, हा प्रकार मला समजत नाही. किंवा समजतो, आणि तो फारसा चांगला नाही: दूरच्या गावाला संस्कृती असते आणि जवळच्या गावाला फक्त स्पीडब्रेकर, असं आपण धरून चालतो.

तातडी असते, हेही खरं. बाळंतीण मागे बसलेली असेल, कुणाला साप चावला असेल, तर कुणीच आडवं येत नाही. गाव स्वतः रस्ता मोकळा करतं, पुढे धावून गुरं हाकलतं. मात्र बहुतेक घाई अशी नसते. गावाची लांबी अर्धा किलोमीटर धरा. साठऐवजी तीसने गेलं तर अर्धं मिनिट जास्त लागतं. दहा गावांची पाच मिनिटं झाली. पुढच्या टपरीवर चहा निवायला तेवढी लागतातच.

यंदा सोयाबीनच्या दिवसांत भोकरदन-जाफराबादच्या बाजूला गाडीवर निघणार असाल, तर रस्त्यावर ओळीने मांडलेले दगड दिसतील. त्यांच्या बाहेरून, दुसऱ्या गिअरवर, हॉर्न न वाजवता जा.